भरतीच्या पातळीखालचा पत्ता

आम्ही राहतो तो एदोगावा वॉर्ड टोकियोच्या पूर्व टोकाला आहे. एका बाजूला आराकावा नदी, दुसऱ्या बाजूला वॉर्डाच्याच नावाची एदोगावा नदी, खाली दक्षिणेला टोकियोचा उपसागर. वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. नद्यांना उंच बांध आहेत, जागोजागी पाणदरवाजे आणि पंप आहेत, म्हणून जवळजवळ सात लाख माणसं इथे कोरड्या अंगणात राहतात. सांगलीहून फोनवर कुणी विचारलं, "जपानी माणसं इतकी शिस्तीची कशी गं?" तर मी हल्ली आधी या जमिनीबद्दल सांगायला लागते. माणसांबद्दल नंतर.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही आलो. जपानमध्ये शाळेचं आणि नोकरीचं वर्ष एप्रिललाच सुरू होतं, त्यामुळे सगळा देश काहीतरी नव्याने सुरू करण्याच्या गडबडीत होता. त्यात १ मे रोजी नवे सम्राट गादीवर येणार होते, म्हणजे कालगणनाही बदलणार होती. वॉर्ड ऑफिसातल्या अर्जावर आम्ही हेसेईचं एकतिसावं वर्ष लिहिलं आणि महिनाभरात रेइवाचं पहिलं वर्ष लागलं. राहायला आल्यापासून चौदा दिवसांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो. खिडकीमागच्या बाईंनी निवास कार्डाच्या पाठीवर पत्ता घालून कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं आणि कागदोपत्री आम्ही एदोगावाचे झालो. कागदापलीकडे माणूस एखाद्या जागेचा कसा होतो, हे त्यानंतरच्या वर्षभरात कळत गेलं. मला त्याबद्दल लिहायचं आहे.

पण त्याआधी घर मिळण्याबद्दल. इंटरनेटवरच्या फोटोंत हा भाग कधी दिसत नाही. एका एजंटाने आमच्या देखत एकामागून एक घरमालकांना फोन लावले. प्रत्येक वेळी त्याचं पहिलं वाक्य एकच असायचं: परदेशी आहेत, चालतील का? पगार, कंपनी, मुलगी किती वर्षांची, हे सगळं नंतर. आणि बहुतेकदा नंतरची वेळच यायची नाही. तो बिचारा फोन ठेवून दर वेळी आमच्याकडे वळून मान झुकवायचा. पुण्यात मी जपानीच्या काही परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे पलीकडचा नकार मला शब्दन् शब्द कळत होता. तो ऐकताना झालेलं दुःख मी कमी करून सांगणार नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये परदेशी रहिवाशांची पाहणी जाहीर केली, तिच्यात घर शोधलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के लोकांनी 'परदेशी म्हणून नकार मिळाला' असं सांगितलं आहे. म्हणजे आमचं काही वेगळं नव्हतं.

आमच्या वॉर्डातल्या निशी-कासाई या भागात इतके भारतीय का, याचं उत्तरही इथेच आहे. २००० सालाच्या सुमारास संगणकांच्या तारखांचा प्रश्न सोडवायला भारतातून इंजिनिअर आले. त्यांची कामं होती निहोम्बाशी, ओतेमाची, कायाबाचो या भागांतल्या बँका आणि वित्तसंस्थांमध्ये. तोझाई मेट्रोने तिथून निशी-कासाई थेट आणि जवळ. आणि निशी-कासाईत यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या मोठ्या वसाहती आहेत. तिथे जामीनदार लागत नाही, 'रेइकिन' नावाची परत न मिळणारी रक्कम घरमालकाला द्यावी लागत नाही आणि परदेशी म्हणून दार बंद होत नाही. जिथे दार उघडलं तिथे माणसं राहिली, मागून त्यांच्या ओळखीची आली, डाळ-पिठाची दुकानं आली, शाळा आल्या. आम्ही आलो त्याच एप्रिलमध्ये वॉर्डाच्या निवडणुकीत योगेंद्र पुराणिक निवडून आले. भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये लोकप्रतिनिधी म्हणून निवडून येण्याची ती पहिली वेळ, आणि तो मराठी माणूस. रस्त्यारस्त्यावर फिरणाऱ्या प्रचाराच्या गाड्यांमध्ये आपल्यातलं एक नाव ऐकून जे बळ आलं ते घरासाठी वणवण करताना उपयोगी पडलं.

आम्हाला शेवटी घर मिळालं ते वसाहतीत नव्हे, एका अरुंद गल्लीत, छोट्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलं, राहायला गेल्यावर समोरच्या तीन आणि शेजारच्या दोन घरी काहीतरी छोटं घेऊन जा, ही जुनी रीत आहे. आम्ही कागदात गुंडाळलेले हातरुमाल घेऊन गेलो. दोन घरं बंद होती. एका घरी माणसाने दार अर्धंच उघडलं, रुमाल घेतला, मान झुकवली आणि दार लावलं. शेजारच्या एकमजली लाकडी घरात एक आजी होत्या. त्यांनी तुम्ही कुठल्या देशाचे, काय खाता, किती दिवस राहणार, यातलं काहीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कचऱ्याचं वेळापत्रक घेऊन आमच्या दाराशी उभ्या होत्या.

कचऱ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथल्या शेजाराची सुरुवात तिथून होते. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा. बाटल्या, डबे, वर्तमानपत्रं, पुठ्ठे आठवड्यातून एकदा, प्रत्येकाची वेगळी गठडी. फुटलेली काच, भांडी, न जळणाऱ्या वस्तू महिन्यातून दोनदा. सगळं त्याच दिवशी सकाळी आठच्या आत ठरलेल्या कोपऱ्यावर न्यायचं, आदल्या रात्री नाही. दुधाचा पुठ्ठ्याचा डबा धुवायचा, कात्रीने उलगडायचा, वाळवायचा आणि मग बांधायचा. खुर्ची किंवा गादी टाकायची तर आधी फोन करून तारीख घ्यायची, दुकानातून त्या रकमेचं स्टिकर आणून त्यावर चिकटवायचं. गल्लीच्या कोपऱ्यावर पिशव्यांवर हिरवी जाळी घालतात, कारण टोकियोचे कावळे थोराड आणि धीट आहेत. जाळीची कड दुमडलेली राहिली तर पाच मिनिटांत रस्ताभर सालपटं. गाडी येऊन गेली की ती जाळी झटकून, घडी करून ठेवायची, कोपरा झाडायचा, गरज पडली तर पाणी मारायचं. हे काम कोण करतं? वॉर्डाचा कामगार नाही. गल्लीतली घरं पाळीपाळीने करतात. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर एक छोटी पाटी टांगलेली असते. आठवडा संपला की ती पुढच्या दारावर जाते.

मे महिन्यात एका सकाळी ती पाटी आमच्या दारावर होती.

मी ती हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. ज्या शहरात आमच्यासाठी फोनवर 'परदेशी चालतील का' असं विचारत फिरावं लागलं होतं, त्याच शहरातल्या एका गल्लीने काही न विचारता आमचं नाव यादीत घातलं होतं. स्वागत नाही, हार-तुरे नाहीत, चहाला बोलावणं नाही. आठवडाभर कोपरा तुमचा, इतकंच. मला वाटतं, जपानी शेजाराबद्दल आपल्या लोकांची जी तक्रार असते, की ही माणसं गोड बोलतात पण जवळ येत नाहीत, ती करण्याआधी ही पाटी समजून घ्यायला हवी. सांगलीत माझ्या आईने शेजारणीला आधी घरात घेतलं असतं आणि मग तिच्याकडून नळाला पाणी आल्याची वर्दी घेतली असती. इथे क्रम उलटा आहे. आधी काम वाटून घेतात. त्या कामाच्या निमित्ताने रोज दोन वाक्यं होतात, मग चार. घरात बोलावणं कित्येकदा होतही नाही, आणि तरीही तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर कुणाच्या तरी ते लक्षात येतं.

हे सगळ्यांच्या बाबतीत असंच होतं असं मी म्हणत नाही. उंच इमारतीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला शेजारच्या दारामागे कोण राहतं ते माहीत नाही. गाडीत बाजूची जागा रिकामी असताना लोक उभे राहतात, हा अनुभव इथे आलेल्या बहुतेक परदेशी माणसांना येतो. मलाही आला, आणि पहिल्या उन्हाळ्यात तो मनाला फार लागला. तोझाई मार्गाची सकाळची गर्दी त्या वर्षी किबा ते मोंझेन-नाकाचो या टप्प्यात क्षमतेच्या १९९ टक्के मोजली गेली होती. इतक्या गर्दीत छातीला छाती लागून उभी असलेली माणसं पूर्ण गप्प असतात. त्या शांततेचा मला आधी धाक वाटायचा. पुढे सवय झाली, आणि पुढे तर ती बरी वाटायला लागली, कारण घर आणि ऑफिस यांच्यामध्ये स्वतःचं म्हणावं असं तेवढंच काय ते असतं. त्याहून जास्त मी या विषयावर बोलणार नाही, बोलण्यासारखं खूप दुसरं आहे.

लेक पहिलीत गेली. पहिलीच्या मुलांना पिवळी टोपी, आणि पाठीवरच्या कडक चामडी दप्तराला पिवळं आवरण, म्हणजे गाडीवाल्यांना लांबून कळावं की हे मूल अजून रस्त्याला नवीन आहे. मुलं चालत शाळेत जातात. चौकात पिवळा झेंडा घेऊन निवृत्त आजोबा उभे असतात आणि प्रत्येक मुलाला वेगळं 'सुप्रभात' म्हणतात. शाळेने आणायला सांगितलेल्या वस्तूंच्या यादीत एक वस्तू अशी होती की मी दोनदा वाचलं: जाड कापसाची टोपी, डोकं आणि खांदे झाकणारी, भूकंपात घालायची. एरवी ती मुलाच्या खुर्चीवर बसायची गादी असते. म्हणजे माझी सहा वर्षांची मुलगी रोज ज्यावर बसून अक्षरं गिरवणार होती, तीच वस्तू जमीन हलली की डोक्यावर घ्यायची. मी ती शिवली. शिवताना हात जड झाला होता, हे खरं. पण लेक मात्र महिनाभरात घरी येऊन मला शिकवायला लागली: आधी टेबलाखाली, टेबलाचे पाय धरायचे, मग टोपी, ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. तिच्या बोलण्यात भीती नव्हती. पाढे म्हणावेत तसं ती म्हणत होती.

दुपारी मुलंच पांढरे कोट घालून वर्गात जेवण वाढतात, जेवून झाल्यावर वर्ग आणि जिने झाडतात-पुसतात. आम्ही शाकाहारी. इथे बहुतेक रश्शांच्या तळाशी बोनितो माशाच्या सुकवलेल्या किसाचं पाणी असतं, त्यामुळे लेकीचा डबा घरून द्यायचा ठरलं. मुख्याध्यापकांना फक्त एवढंच पाहायचं होतं की ती वर्गाबरोबर त्याच वेळी, त्याच टेबलांवर बसून जेवेल. आणि वाढप्याची पाळी? ती तिलाही होती. जे सूप ती स्वतः खात नव्हती ते ती इतरांना मोजून वाढत होती, आणि मला ही गोष्ट आजही फार मोलाची वाटते.

संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या कर्ण्यांतून मुलांच्या एका जुन्या गाण्याची धून वाजते. सुरुवातीला मला ती नुसतीच गोड वाटायची. दिवेलागणीला शुभंकरोतिची वेळ झाल्यासारखं वाटायचं. आजींनी सांगितलं, मुलांनी घरी जावं म्हणून तर ती वाजतेच, पण त्या निमित्ताने कर्णे चालू आहेत की नाही हे रोज तपासून होतं. भूकंप, पूर, वादळ यांच्या सूचना याच कर्ण्यांवरून येतात. तपासणीसाठी भोंगा वाजवता आला असता. त्यांनी गाणं निवडलं.

त्याच मे महिन्यात वॉर्डाने घरोघर एक पुस्तिका वाटली: पुराचा धोका दाखवणारा नकाशा. एदोगावाचा हा नकाशा पुढे जपानभर गाजला, कारण त्याच्या मुखपृष्ठावर वॉर्डाचं चित्र होतं आणि त्यावर स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं की इथे थांबून चालणार नाही. महापूर आला तर काही भागांत पाणी दहा मीटरपर्यंत चढू शकतं, आणि जमीन खोलगट असल्यामुळे ते एक-दोन आठवडे, कदाचित त्याहूनही जास्त दिवस ओसरणार नाही, असं आत दिलं होतं. म्हणून वरच्या मजल्यावर जाऊन बसणं पुरेसं नाही. आधीच वॉर्डाबाहेर जा. स्वतःच्या रहिवाशांना 'इथून निघा' असं सांगणारी नगरपालिका मी त्याआधी पाहिली नव्हती. इथल्या काही लोकांना ते आवडलंही नाही, आपल्या भागाची बदनामी झाली असं त्यांना वाटलं. मला मात्र तो नकाशा हातात घेतल्यावर वॉर्डाबद्दल खोल विश्वास वाटला. मी सांगलीची आहे. पाण्याबद्दल खरं बोलणाऱ्या माणसाची किंमत आम्हाला कळते.

ही जमीन इतकी खाली कशी गेली, तेही आजींमुळे कळलं. त्यांच्या सासरचे लोक कासाईच्या किनाऱ्यावर नोरी पिकवायचे, म्हणजे ते कागदासारखं वाळवलेलं समुद्री शेवाळ. १९६२ मध्ये इथल्या कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले आणि पुढे समुद्रात भराव पडला. निशी-कासाई स्टेशन तर १९७९ मध्ये आलं. त्याआधी कारखान्यांसाठी जमिनीखालचं पाणी आणि पाण्यात विरलेला नैसर्गिक वायू यांचा वर्षानुवर्षं उपसा झाला, जमीन खचत गेली. १९७२ मध्ये टोकियोने वायू काढण्याचे हक्क विकत घेऊन तो उपसा थांबवला. खचणं मंदावलं, खचलेली जमीन मात्र वर आली नाही. आणि ज्या आराकावाच्या काठी आम्ही संध्याकाळी फिरायला जातो, ती तिथे माणसांनी खणलेली आहे. १९१० च्या महापुरानंतर शहराला वाचवण्यासाठी हा नवा प्रवाह काढायचं ठरलं, १९२४ मध्ये त्यातून पाणी सोडलं आणि १९३० मध्ये काम पुरं झालं. त्यावर काम केलेले इंजिनिअर आकिरा आओयामा त्याआधी पनामा कालव्यावर राबून आले होते. अर्धा किलोमीटर रुंदीची नदी, आणि ती शंभर वर्षांचीही नव्हती तेव्हा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सांगलीत पाणी चढायला लागलं.

सांगलीकरांना पुराचं वेगळं सांगावं लागत नाही. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि त्यापुढे प्रत्येक फुटागणिक कुठली गल्ली बुडते ते लहान पोरालाही पाठ असतं. २००५ चा पूर सगळ्यांनी मनात खूण म्हणून धरला होता. २०१९ मध्ये पाणी ती खूण ओलांडून सत्तावन्न फुटांवर गेलं. आई-बाबा गावभागातून विश्रामबागला मावशीकडे गेले होते, पण मधले कितीतरी तास दोघांचेही फोन लागत नव्हते. भारतापेक्षा आम्ही साडेतीन तास पुढे. इथे पहाट व्हायची तेव्हा तिकडे मध्यरात्र. ब्रह्मनाळला बोट उलटली ती बातमी मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचली.

आजींनी दोन रात्री आमचा दिवा जळताना पाहिला होता. सकाळी जाळीची घडी घालताना त्यांनी विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? मी सांगितलं, माझ्या गावात पूर आला आहे. इतका वेळ मोजकं बोलणाऱ्या त्या बाईंनी लगेच विचारलं: पाणी किती आहे? धरणातून सोडलेलं आहे की पावसाचं? वरच्या बाजूला अजून पाऊस आहे का? रात्री की दिवसा चढतं?

पुरात वाढलेलं माणूसच हे प्रश्न या क्रमाने विचारतं. धीर धरा, काळजी करू नका, असं मला तोवर कितीतरी जणांनी सांगितलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाची मी ऋणी आहे. पण पाणी किती आहे, हे फक्त त्यांनी विचारलं. आम्ही रस्त्यावरच उभ्या राहून कोयना, वारणा, कृष्णा असं सगळं बोललो. मी त्यांना फुटांचे मीटर करून सांगत होते. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये कॅथलीन वादळात वरच्या बाजूला तोने नदीचा बांध फुटला. त्यांचं माहेर वॉर्डाच्या उत्तरेला, कोइवात. वादळ कधीच निघून गेलं होतं, ऊन पडलं होतं, आणि बांध फुटल्यावर काही दिवसांनी पाणी शेतांवरून चालत आलं. "आकाश निळं होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून वडिलांचा विश्वास बसेना." त्या तेव्हा लेकीपेक्षा जेमतेम मोठ्या होत्या.

त्या दुपारी त्यांनी आमच्या दाराच्या कडीला एक पिशवी अडकवली. त्यात सोलून ठेवलेली पीच फळं होती आणि एक कागद. पूर ओसरल्यावर घरात शिरण्याआधी काय करायचं त्याची त्यांच्या हातची यादी: विजेचं मुख्य बटण, गॅस, भिंतींचे फोटो, चिखल वाळायच्या आत काढायचा, विहिरीचं पाणी वापरायचं नाही. मी ती मराठीत उतरवून बाबांना पाठवली. बाबांनी घराचे फोटो काढले ते त्या यादीप्रमाणे, खोलीखोलीने.

सप्टेंबरात शाळेत 'सुपूर्द करण्याचा' सराव झाला. १ सप्टेंबर हा जपानचा आपत्ती निवारण दिन. १९२३ साली त्या दिवशी दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना कांतोचा महाभूकंप झाला आणि एक लाखाहून जास्त माणसं गेली, बहुतेक आगींत. सरावात मुलं टोप्या घालून मैदानात बसतात, आणि नोंदवलेल्या माणसाच्याच ताब्यात शिक्षक एकेक मूल देतात. कार्डावर नाव असेल तरच. मी तिसरं नाव म्हणून आजींचं लिहायची परवानगी मागितली होती. त्यांनी होकार दिला, आणि सरावाच्या दिवशी कुणी बोलावलेलं नसताना स्वतः चालत शाळेत आल्या. वाट किती वेळाची आहे ते त्यांना बघायचं होतं.

मग १२ ऑक्टोबर. एकोणिसाव्या क्रमांकाचं वादळ, जगाने त्याला हगिबिस म्हटलं. आदल्या दिवशीच रेल्वे कंपन्यांनी जाहीर केलं की गाड्या बंद राहतील. दुकानांत पाव आणि पाणी संपलं. शनिवारी वॉर्डाच्या पश्चिम भागाला निघण्याची सूचना आली, सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. कर्ण्यांवरून कुणीतरी बोलत होतं, पावसाच्या आवाजात शब्द पुसट होत होते. वॉर्डाबाहेर जायला गाड्याच नव्हत्या. शाळा उघडल्या होत्या. एदोगावात त्या दिवशी सुमारे पस्तीस हजार माणसं आसऱ्याला गेली. आम्ही आजींना घेऊन लेकीच्या शाळेत गेलो. पुराचा धोका म्हणून तळमजल्यावर कुणाला ठेवत नव्हते, वरच्या वर्गांत बसवत होते. म्हणजे रात्रभर आम्ही पहिलीच्या छोट्या खुर्च्यांमध्ये होतो आणि लेक आम्हाला जिने, नळ, शौचालय दाखवत होती, ती शाळा तिची होती. संध्याकाळी सव्वासहानंतर भूकंपाचाही धक्का बसला, चिबाच्या समुद्रात. वर्गातली सगळी माणसं एकाच वेळी गप्प झाली, मग पुन्हा हळूहळू बोलायला लागली.

जेवणाला गरम पाणी घालून फुलवायचा सुका भात होता. वाटप करणाऱ्या तरुण मुलाला मी विचारलं, यात मासा आहे का? त्याने टॉर्चखाली पाकिटाच्या पाठीवरचे बारीक घटक बोट ठेवून शेवटपर्यंत वाचले, मग दुसऱ्या खोक्यातून साध्या भाताची पाकिटं शोधून आणली. दारात आणखी एक भारतीय कुटुंब उभं होतं. त्यांच्याकडे जाऊन त्याने न विचारताच तीच पाकिटं पुढे केली. रांग थांबली होती. रांगेतलं कुणी काही बोललं नाही.

सकाळी लख्ख ऊन पडलं. लोक पांघरुणं घड्या घालून निघायला लागले. मी आजींकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली: अजून नाही. पाऊस थांबल्यावर पाणी येतं, हे कृष्णाकाठीही सगळ्यांना माहीत असतं. नंतर आकडे कळले. वरच्या बाजूला इवाबुचीच्या पाणदरवाजापाशी आराकावा रविवारी सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त चढली होती, ७.१७ मीटर. वादळ तोवर केव्हाच उत्तरेला निघून गेलं होतं. दरवाजा आदल्या रात्री बंद केला होता, म्हणून ते पाणी जुन्या सुमिदा नदीत, भर वस्तीत शिरलं नाही. बांध टिकले. आम्ही दुपारी घरी आलो तेव्हा गल्ली कोरडी होती. उत्तरेकडे नागानोत आणि फुकुशिमात मात्र बांध फुटले होते आणि माणसं गेली होती. निघण्याआधी सगळ्यांनी मिळून वर्ग झाडला, खुर्च्या जमिनीवरच्या खुणांवर परत लावल्या. आमच्या पाळीचं काम, असं कुणी म्हटलं नाही, पण झाडू हातोहात फिरत होता.

डिसेंबरात गल्लीच्या मंडळाने मला बोलावलं. परिसरात भारतीय कुटुंबं वाढत होती, आणि सूचनांचे कागद त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. धोक्याच्या नकाशातलं महत्त्वाचं तेवढं हिंदी-मराठीत लिहून द्याल का, असं विचारलं. मी आनंदाने लिहून दिलं. आता कुणी नवं मराठी कुटुंब आलं की मी वेळापत्रकाबरोबर तो कागदही देते, आणि पहिल्याच भेटीत विचारते: निघावं लागलं तर कुठे जाणार? काहींना ते अभद्र वाटतं. आल्या आल्या असं काय विचारता, म्हणतात. मी तरी विचारते.

कारण हा प्रश्न सुटलेला नाही. सुमिदा, कोतो, आदाची, कात्सुशिका आणि एदोगावा या पाच वॉर्डांची २०१८ ची योजना सांगते की महापुराची शक्यता दिसताच सुमारे २५ लाख माणसांनी आधीच बाहेर पडावं. पण गाड्या आधी बंद होतात की माणसं आधी निघतात, यावर सगळं आहे, आणि हगिबिसच्या वेळी गाड्या आधी बंद झाल्या. उंच जागेवर प्रत्येकाचं कुणी नातलग नसतं. नवीन आलेल्या परदेशी माणसाचं तर कुणीच नसतं.

आमचं ठरलं आहे. पश्चिमेला पठारावर, मिताकात, नवऱ्याचे मित्र राहतात. तोझाई मार्गाच्या काही गाड्या निशी-कासाईहून थेट मिताकापर्यंत जातात, मध्ये उतरावं लागत नाही. रेल्वे बंद ठेवण्याची घोषणा आदल्या दिवशी होते. ती झाली की त्याच संध्याकाळी निघायचं. मित्रांना चार माणसं येतील असं सांगून ठेवलं आहे. चौथ्या आजी. आधी त्या नको म्हणत होत्या, लाकडी घराला कोण बघेल म्हणून. मग त्यांनी एकदा आमच्याबरोबर मिताकापर्यंत गाडीने येऊन जिने किती चढावे लागतात ते पाहिलं, आणि औषधांच्या चिठ्ठीची एक प्रत आमच्या पिशवीत ठेवायला दिली.